कुंदावहिनींचा भेटीचा वार

वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे बँकेला पटवून द्यावं लागतं. त्या दिवशी मी तेच करत होतो. यंत्राला माझा अंगठा मान्य नव्हता. समोरची मुलगी म्हणत होती, "आजोबा, पुसून परत लावा," मी पुसून परत लावत होतो, आणि खिशातला फोन वाजायचा थांबत नव्हता. श्रीधर होता. म्हणाला, "वसंता, कुंदा सकाळी वारली रे." आणि मी, इतक्या वर्षांच्या मित्राला काय म्हणालो असेन? "बरं बरं, मी जरा बँकेत आहे, घरी गेलो की करतो." फोन खिशात ठेवला, अंगठा पुन्हा लावला, दिवा हिरवा झाला. "झालं आजोबा, आता वर्षभर काळजी नाही," मुलगी म्हणाली. तेव्हा कुठे श्रीधरचं वाक्य माझ्यापर्यंत पोचलं, आणि मी तिथल्याच बाकावर बसलो. माझ्या नंतरच्या माणसानं मला उठवायचा प्रयत्न केला, मग तोही शेजारी बसला.

या प्रकारावर कुंदावहिनी काय म्हणाल्या असत्या ते मला ठाऊक आहे. "भाऊजी, तुम्हाला बातमी सांगायची म्हणजे आधी लेखी कळवायला हवं." त्या हे म्हणायच्या, मी ओशाळायचो, आणि माझी बायको सुधा मान डोलवायची. आता सुधाही नाही आणि वहिनीही नाहीत. माझी फजिती सांगायला मीच उरलोय, आणि खरं सांगायचं तर या कामाचाही आता कंटाळा आलाय. पण एक हिशेब... हिशेब नको म्हणू, एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

आम्ही सौदी अरेबियात अल-खोबरला एकाच इमारतीत राहायचो. श्रीधर आणि मी एकाच कंत्राटी कंपनीत. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. त्यांचा मुलगा शाळेसाठी सांगलीला आजोळी होता. नव्वदच्या उन्हाळ्यात कंपनीनं श्रीधरला पंपहाऊसच्या कामावर कुवेतला पाठवलं. दोन महिन्यांचं काम. तो गेला, ऑगस्ट उजाडला, इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि फोन बंद झाले. पुढे एक मल्याळी फोरमन जॉर्डनमार्गे मुंबईला सुटला, त्यानं तिथून कळवलं की श्रीधर धडधाकट आहे, पण साइटवरची दोन आजारी माणसं सोडून निघायला तयार नाही. त्यानंतर काहीच नाही. ना फोन, ना निरोप.

वहिनींना सगळ्यांनी सांगितलं, तुम्ही सांगलीला जा. त्या म्हणाल्या, "त्याला एकच नंबर पाठ आहे, इथला. सांगलीचा फोन शेजाऱ्यांकडे आहे, तो त्याला मेला जन्मात लक्षात राहिला नाही. लाइन सुरू झाली आणि त्यानं फिरवला, तर उचलायला कोण?" त्या राहिल्या.

मग त्यांच्याकडे माणसं यायला लागली. आपली माणसं येतात तशीच, पाच-सहा जण एकदम, चेहरे पाडून. सोफ्यावर ओळीनं बसायचे आणि थोड्या वेळानं कोणीतरी खाकरून विचारायचं, "काही कळलं का?" दिवसातून तीनदा त्यांना "नाही" म्हणावं लागायचं. दोन आठवडे त्यांनी हे सोसलं आणि एके संध्याकाळी वर येऊन सुधाला म्हणाल्या, "मी ठरवलंय. आता मीच सगळ्यांकडे जाणार. मी लोकांच्या घरी असले की लोक माझ्या घरी येणार नाहीत."

हे त्यांच्या डोक्यात आलं ते जुन्या अभ्यासातून. लग्नाआधी त्या सांगलीला कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. अठराव्या शतकातली इंग्लंडमधली जमीनदार घराणी, त्यांच्या बायकांच्या भेटीगाठी आणि पत्रांतून फिरणाऱ्या घरगुती बातम्या, यावर पीएच.डी.चं नाव नोंदवलं होतं. मग श्रीधर आला, खोबर आलं, आणि ती घराणी ट्रंकेत गेली. आता त्यांनी ती बाहेर काढली. आम्हाला नियम समजावून सांगितले. भेट पाव तासाची. त्यापेक्षा जास्त बसलात तर तुम्हाला घरी काम नाही, कमी बसलात तर राग आहे. जाताना आपल्या घरची एक बातमी घेऊन जायची आणि त्यांची एक घेऊन यायची. कोणाची दाढ काढली, कोणाला मुलगी झाली, कोणाच्या पुतण्याचं जमता जमता फिसकटलं. भेट आली की परतभेट द्यायचीच. आणि जे विचारायचं नाही ते विचारायचं नाही.

"एवढाच उद्योग त्या बायकांना?" मी म्हणालो.

"त्यांचे नवरे, भाऊ लढाईला समुद्रावर असायचे, भाऊजी. वर्ष वर्ष पत्र नाही. मग काय करायचं त्यांनी, दारात पाय पसरून बसायचं?"



तिकडे तेव्हा बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, म्हणून मागच्या सीटवर वहिनी आणि सुधा आणि पुढे मी, असा आमचा फेरा सुरू झाला. संध्याकाळी कामावरून आलो की निघायचं. मराठी घरं खोबर-दम्माम मिळून मोजकी, त्यातली निम्मी लढाईच्या भीतीनं रिकामी झालेली. उरलेल्यांना वार ठरवून दिले. पहिल्याच दिवशी मी गाडीतून उतरून मागोमाग जिना चढायला लागलो, तर वहिनी वळून म्हणाल्या, "तुम्ही कुठे? तिकडे कोचमन खालीच थांबत असे." मी खरंच खाली थांबलो. थोड्या वेळानं त्यांना दया आली असावी, वरून खिडकी उघडून म्हणाल्या, "या. पण बोलू नका."

पण गप्प बसणं माझ्यानं होत नाही. सोमवार मुकादमांकडचा. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, बाजारात हार्डवेअरचं दुकान. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मी आपला उत्साहानं म्हणालो, "काय मुकादमशेठ, मुंडावळ्या की सेहरा?" खोली गार पडली. लग्न मोडून आठवडा झाला होता. ती बातमी वहिनींनी माझ्याच गाडीतून चार घरी पोचवली होती, आणि मला सोडून अख्ख्या खोबरला माहीत होती. जैबूनभाभी शेवटी म्हणाल्या, "काय वो भाऊ, गाडी तुमची, न् खबर तुम्हालाच नाय?" मुकादम हसले, मग सगळेच हसले. त्या घरात आठवड्यानं पहिल्यांदा कोणी हसलं म्हणे. वहिनींनी परत जाताना मला माफ केलं, पण गाडीत माझ्यादेखत बातम्या सांगणं बंद केलं.

या फेऱ्यांनी झालं असं, की श्रीधरबद्दल कोणी विचारेनासं झालं. वहिनी यायच्या, बसायच्या, सांगलीच्या मावसबहिणीच्या बाळंतपणाचं सांगायच्या, मुलाच्या गणितातल्या मार्कांचं सांगायच्या, आणि जायच्या. गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, कपाळाला कुंकू. आम्ही त्यांच्याकडे बघायचो, आणि विचारायचं ते गिळायचो. आणि त्याचमुळे जानेवारीत माझ्या हातून ते झालं.

लढाई सुरू झाली होती. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या, बादल्या भरून पाणी, भोंगे. मी घाबरटपणात कोपऱ्यावरच्या दुकानातून छोल्यांचे म्हणून दोन खोकी डबे आणून ठेवले होते. ते निघाले कसल्याशा मोठ्या काळपट शेंगदाण्यासारख्या घेवड्याचे. सुधा म्हणाली, आणलेत ना, आता खा. मी खात होतो. त्या बुधवारी सकाळी आमच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे इकामे, राहण्याचे परवाने, होते त्या मालकानं, सगळ्यांना गॅसचे मुखवटे वाटायला ऑफिसात बोलावून घेतलं. वहिनींनी मला जिन्यात बघितलं, "कशाला बोलावलंय?" विचारलं. "आल्यावर सांगतो," मी म्हणालो. दुपारी परत आलो तर पोटात घेवडा बोलायला लागलेला. पाण्याच्या टंचाईत कपडे धुतलेले नव्हते, कपाटात एकच धुतलेला जोड होता, पांढरा लेंगा आणि पांढरा सदरा. तो घातला. सुधा म्हणाली, कालची रात्र वाईट गेली, खाली जाऊन त्यांना बघून येऊ. आणि जिन्यात म्हणाली, "चहा नको म्हण. त्यांचं सिलिंडर संपत आलंय, आणि आत्ता दुसरं मिळत नाही."

आम्ही गेलो, बसलो. त्यांनी चहाचं विचारलं. मी हातानंच नको म्हटलं. सुधाही नको म्हणाली. घरची एक बातमी सांगायची हा नियम, पण मला कळ येत होती, बातमी सुचेना. मी फरशीकडे बघत बसलो. मुखवट्यांचं सांगायचं विसरूनच गेलो. मग पोटात असं काही पिळवटलं की मी उठलो, हात जोडले आणि दारातून बाहेर. सुधा माझ्या काळजीनं मागोमाग. दोघांपैकी एकानंही मागे वळून "येतो" म्हटलं नाही.

वाचकांना हे वेगळं सांगायला नको. पांढरे कपडे, चहाला नकार, खाली माना, आणि उठताना "येतो" न म्हणणं... आपल्याकडे हे कोणत्या घरी करतात, हे आपल्या प्रत्येकाला माहीत असतं. फक्त मला त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या संडासापलीकडे काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्याकडचा वहिनींचा वार. तिकडे गुरुवारी सुट्टी, म्हणून त्या सकाळी यायच्या, तशा आल्या. साडी नेहमीसारखी चापूनचोपून. खुर्चीत बसल्या. मावसबहिणीच्या बाळाचं नाव ठेवलं, ते सांगितलं. मुलाला चष्मा लागला, ते सांगितलं. सुधानं तिच्या आईच्या गुडघ्याचं सांगितलं. पाव तास झाला, उठल्या, दारापर्यंत गेल्या, कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ऑफिसात नक्की काय कळलं तुम्हाला?"

"कशाचं?"

"तुम्ही तोंडानं सांगत नाही तोवर मी ऐकलेलं नाही, असं ठरवलं होतं. विचारणार नव्हतेच. आज यायचंही नव्हतं मला. पण वार होता."

मला काही उलगडेना. सुधाला उलगडलं. तिनं तोंडावर हात धरला आणि म्हणाली, "अहो वहिनी, त्यांचं पोट बिघडलं होतं हो. काही कळलेलं नाही. देवाशप्पथ काही कळलेलं नाही."

वहिनी चपलांच्या कपाटावर बसल्या. हसतील असं मला वाटलं, रडतील असं सुधाला वाटलं. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाल्या, "सुधा, जरा पाणी दे." आणि पाणी पिऊन मला म्हणाल्या, "ते पांढरं आधी काढा."

त्या दिवशी त्यांचा उरलेला फेरा मात्र चुकला नाही. संध्याकाळी दम्मामला गेलो. मी गाडी चालवत होतो, आरशात त्या दिसत होत्या, आणि माझ्या मनात येत होतं की एवढं ओझं उरावर घेऊन ही बाई सकाळी बाळाच्या नावाचं सांगत होती.

मार्चमध्ये श्रीधर आला. कुणाच्या तरी ट्रकमधून, रस्त्यानं. तेलविहिरींच्या धुरानं इतका काळा झाला होता की आमच्या हारिसनं, म्हणजे चौकीदारानं, त्याला आत सोडलं नाही. मी ओळखलं. वहिनी घरी नव्हत्या; सोमवार होता, आणि त्या दिवशी मुकादमांचीच गाडी येऊन त्यांना घेऊन गेली होती. मी धावत-पळत मुकादमांकडे पोचलो. माझा चेहरा बघून वहिनींनी एवढंच विचारलं, "कोणी सांगितलं, की स्वतः बघितलंत?"

"बघितलं."

त्या उठल्या आणि चपला न घालता जिना उतरल्या. चपला जैबूनभाभींनी दुसऱ्या दिवशी पाठवल्या.

त्यानंतर ते दोघं पुण्याला आले, आम्हीही मागाहून आलो. श्रीधर कुवेतमधल्या त्या महिन्यांबद्दल कधी बोलला नाही, आणि वहिनींनी खोबरचं कधी सांगितलं नाही. तो विचारायचा, तर त्या म्हणायच्या, "ठीक होतं रे. लोक चांगले होते." तोही तेच म्हणायचा. एवढ्यावर दोघांनी संसार पुरा केला.

मी तेराव्यानंतर त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो बाहेरच्या खोलीत एकटाच बसला होता. मुलगा येऊन परत गेलेला. शेजारी बसलो. मग तो म्हणाला, "वसंता, तिचं सगळं मला माहीत आहे. लग्नाआधीचं तिनं सांगितलं, नंतरचं मी बघितलं. फक्त तो ऑगस्ट ते मार्च माझ्याकडे नाही. ती तेव्हा काय करायची रे?"

तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा जातो. रिक्षानं, जिने चढून, दमून. एका वेळी एकच घर सांगतो. कोणाकडे गेलो, त्या कोणती साडी नेसल्या होत्या, मला काय बोलल्या. जे आठवत नाही ते थोडं रचतो. बातम्या विसरण्याबाबतची माझी कीर्ती त्याला माहीत आहे. मुकादमांच्या मुलाच्या लग्नाची गोष्ट त्यानं दोनदा सांगायला लावली. तो डोळे मिटून ऐकतो आणि मध्येच विचारतो, "मग पुढच्या आठवड्यात?" अगदी काल-परवा परगावी गेलेल्या बायकोची खबर विचारावी तसा.

पाव तासाचा नियम आम्ही पाळत नाही. मी मुद्दाम सावकाश सांगतो, आणि तोही घाई करत नाही. आमच्या गोष्टीत अजून नव्वदचा डिसेंबर चालू आहे.