तळघराचे दोन झरोके

आमच्या गावचं चर्च पोर्तुगीजांच्या वेळचं. घरी आम्ही त्याला देऊळच म्हणतो. भिंती तीन हात जाड, दाराची चौकट काळ्या दगडाची, वर सागवानी छत. वेदीच्या मागून अकरा पायऱ्या उतरल्या की तळघर. छत कमानीचं, म्हणून मधोमध उभं राहता येतं, कडेला गेलं की डोकं आपटतं. खाली जुन्या कबरी आहेत. मोठी माणसं पुरलीत म्हणे. कोण, ते फादरांनाही सांगता यायचं नाही, दगडावरची अक्षरं झिजलेली. मी चौथी शिकलेला. त्या दगडांपुढं आम्ही दोघं सारखेच अडाणी.

मी गवंडी. बायको माझ्या हाताखाली माल कालवायची. नव्वदनंतर चर्चची डागडुजी निघाली, तेव्हा तळघर माझ्याकडं आलं. छताला लागून दोन झरोके होते, वीतभर रुंद. बाहेरच्या अंगाला उतार दिलेला, म्हणून पाऊस आत येत नसे. बेडूक येत. फादरांना बेडूक चालत नसत. मी झरोके विटांनी बुजवले आणि भिंतींचा जुना चुना खरवडून वर सिमेंट मारलं. तेव्हा सिमेंट मारणारा शहाणा समजला जाई.

बायकोनं घमेलं खाली ठेवलं. "अवो, त्याचं नाक बंद केलंत."

"मेलेल्यांना कशाला लागतंय नाक?"

"भिंत मेली नाय. आतलं पानी जाईल कुठं?"

"तू माल कालव."

तिनं कालवला. चांगला कालवला, हे मला पुढं फोडताना कळलं.

दोन पावसांत गिलावा फुगला. तिसऱ्यात भिंत रडायला लागली. तळघरात कुणी जाईना, म्हणून मला कुणी बोललंही नाही. फक्त बायको दर पावसाळ्यात जेवण वाढताना विचारायची, "तुमची भिंत कशी हाय?" मी म्हणायचो, भात वाढ.

मग ती गेली. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपली. कालवण अर्धं शिजलं होतं. माणसं जमली होती, म्हणून ते मीच पुरं केलं. मीठ जास्त पडलं. सगळ्यांनी खाल्लं.

आमच्याकडं कबर कायमची नसते. जागा थोडी, मरणारे पुष्कळ. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढतात. ज्यांना हवं ते पेटीत घालून तळघरातल्या कोनाड्यात ठेवतात, बाकीच्यांची सगळी एका खड्ड्यात जातात. तिची पाळी आली तेव्हा फादर नवे होते. ते म्हणाले, "मेस्त्री, तळघर ओलं आहे. तिथं आता पेट्या ठेवायच्या नाहीत. खड्ड्यातच टाकू."

"सगळ्यांच्यात मिसळून?"

"देव ओळखेल."

"देव ओळखेल. मी कुठं फुलं ठेवू?"

फादरांनी कबरींची वही मिटली.

"ओल माझ्यामुळं आली," मी म्हणालो. "बायकोनं सांगितलं होतं."

मग त्यांनी मुदत दिली. पावसाळा जाऊ दे, नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसाआधी भिंत कोरडी दिसली तर पेटी खाली ठेवू. नाहीतर खड्डा.

उन्हाळाभर मी सिमेंटवर छिन्नी चालवली. खांदे गेले. झरोके मोकळे केले, शिंपल्यांचा चुना भिजत घातला, गूळ घातला. माल मीच कालवला. गुठळ्या राहिल्या, त्या बोटांनी फोडल्या, मग तो भिंतींना लावला. फादर दोनदा येऊन विचारून गेले, अजून किती दिवस? मी म्हटलं, चुन्याला विचारा.

पावसाळाभर मी खाली गेलो नाही. भिंत रडताना बघायची नव्हती.

पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं उतरलो. फादरांनी भिंतीवर तळहात टेकवला, मग आपल्या पांढऱ्या झग्यावर पुसला. झग्यावर डाग पडला नाही. चुन्याची थोडी पूड लागली, ती त्यांनी झटकली.

"कोरडी आहे, मेस्त्री."

कबर उघडली त्या दिवशी पेटी मीच खाली नेली. झरोक्याखालच्या कोनाड्यात एक बेडूक बसला होता.

"हा कुठून आला?" फादर मागं सरकले.

"हवा येते तिथून."

बेडकाला बाजूला सारून मी पेटी ठेवली. फादर प्रार्थना म्हणत होते. ती संपेपर्यंत थांबलो, मग तिला सांगितलं, भिंत बरी आहे.