देणगीदारांनी मंचावर यावे

दौंडमध्ये माइकवर आदरानं बोलावं ते हौशीराममामांनीच. मूळचे शिरूरकडचे धनगर, पण दुकान दौंडात: साउंड सर्व्हिस. लग्न असो की पुतळ्याचं अनावरण, भोंगे त्यांचे आणि आवाजही त्यांचाच. त्यांच्या तोंडचा 'श्री.' कुणालाच चुकत नसे. जत्रेत पोर हरवलं की ते पुकारायचे, "श्री. बाळू, वय वर्षे अडीच, यांनी रडणे थांबवले आहे. आईने त्यांना घेऊन जावे." पाकीटमारसुद्धा त्यांच्या लेखी 'संबंधित महाशय' असायचा.

मामांच्या दुकानामागं ताईबाईंचं घर. त्यांचा लेक धम्मदीप रेल्वे ग्राउंडवर धडपडत मोठा झाला आणि मुंबईच्या एका फुटबॉल क्लबाचा पगारी गोलकीपर झाला. तो टीव्हीवर दिसला तेव्हा गावाला फार अप्रूप वाटलं. तोवर दौंड फक्त रेल्वेच्या टाइमटेबलात दिसायचं.

दोन हजार सात साली एका मॅचला त्याच्या दोन पायांमधून बॉल गेला. तेवढंच निमित्त. त्या काळी सगळी पोरं ज्या साइटवर एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकायची, तिथं दौंड-शिरूरच्या पोरांचा एक ग्रुप होता. तिथं बॉलबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. लिहिलं ते त्याच्या रंगाबद्दल आणि जातीबद्दल. लिहिणाऱ्यांत एकही जण गोरा नव्हता. आमच्याकडच्या उन्हात तसं कुणाला राहताही येत नाही.

धम्मदीप घरी आला. आईला म्हणाला, गुडघा दुखतोय. क्लबाचे फोन यायचे, तो उचलायचा नाही. सोमवारी कॅम्पला हजर झाला नाही तर पुढच्या मोसमाचा करार गेला, हे त्यानं एकट्या मामांना सांगितलं. का जायचं नाही, ते मात्र सांगितलं नाही. तो ग्रुप मीही वाचत असे, ते मला ठाऊक होतं, म्हणून मी मामांना संपतच्या सायबर कॅफेत नेलं.

मामांनी सगळं वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"याच्यावर इलाज?"

"हे बटन हाय, तक्रारीचं," संपत म्हणाला.

"दाबलं की काय व्हतं?"

"दाबल्याचं समाधान व्हतं, मामा."

आम्ही ते समाधान चार दिवस घेतलं. एक खातं बंद झालं. दुसऱ्या दिवशी तोच गडी नावापुढं दोनचा आकडा लावून हजर.

"ह्याला नाव न्हाई, तोंड न्हाई," मामा म्हणाले. "अशा माणसाचा मान कसा राखायचा?"

रविवारी रेल्वे ग्राउंडवर दौंड विरुद्ध शिरूर फायनल होती. बक्षीस द्यायला धम्मदीपला बोलावलेलं. तो आला आणि मंचाच्या टोकाच्या खुर्चीवर, उठून पळायला सोपं जाईल असा बसला. हाफटाइमला मामांनी नेहमीप्रमाणे देणगीदारांची नावं पुकारली. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष पोपटराव यांच्याकडून उत्कृष्ट गोलकीपरला घड्याळ. कुणाकडून शील्ड. मग त्याच सुरात:

"श्री. डेंजर बॉय, राहणार शिरूर, यांजकडून श्री. धम्मदीप यांना शब्दरूपी भेट: 'कोळशाच्या इंजिनाला जर्सी घातली.' श्री. दौंडचा किंग यांजकडून: 'कोट्यातून टीममध्ये घुसला, गोल काय अडवणार.' श्री. डेंजर बॉय दोन यांजकडून: 'आफ्रिकेला परत पाठवा.' मंडळ आभारी आहे. देणगीदारांनी मंचावर येऊन शाल-श्रीफळ स्वीकारावे."

आधी लोक हसले. मामा नक्कल करतात असं वाटलं. पण नावं संपेनात, तसं हसू विरत गेलं. बऱ्याच पोरांना अचानक बुटाच्या नाड्या बांधायच्या आठवल्या. त्यातल्या काहींच्या पायात चपला होत्या.

अध्यक्ष पोपटराव उठले. "हौशीराम, पुरं. खेळात राजकारण नको."

"आप्पा, मी कुठं आणलं? मी देणगीदार वाचतोय. आपल्याच दौंड-शिरूरचे हायेत."

मंचावर कोणीच आलं नाही. आल्या त्या बायकांच्या बाजूनं ताईबाई. त्या लेकासमोर उभ्या राहिल्या.

"हे व्हतं व्हय? मला वाटलं, तिथं कुणाचं काय उचललंस आन् हाकललं तुला."

"गुडघा दुखतोय म्हणलो हुतो ना."

"दुखऱ्या गुडघ्यानं कुणी दोन-दोन पायऱ्या चढत न्हाई. चार दिस अन्न गोड लागंना मला."

धम्मदीप मामांकडं वळला. "मामा, ते पंधरा-वीस जणांनी वाचलं हुतं. तुम्ही साऱ्या गावाला ऐकवलं. आईसुद्धा सोडली न्हाई."

मामांनी माइक बंद केला. भरल्या ग्राउंडवर त्यांनी असं केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "व्हय," ते म्हणाले. "तुला इचारायला पायजे हुतं."

मला वाटलं, आता तो घरी जाऊन कडी लावून घेणार. पण ताईबाईंनी त्याची बाही धरली. "मला कळलं, गावाला कळलं. आता लपवायचं काय राह्यलं? घरी बसून कुणाची राखण करतोस? उद्याच्या गाडीनं जा."

सेकंड हाफ झाला. दौंड हरलं. पुढच्या वर्षापासून मंडळानं माइक दुसऱ्याकडं दिला. तो गडी सगळ्यांना नुसत्या नावानं पुकारतो. ग्रुपवर पंधरा दिवस शांतता होती, मग मामांच्या टोपीवर आणि मेंढरांवर लिहिणं सुरू झालं. मामांनी संपतला प्रिंट काढायला सांगितली आणि दुकानात लावली.

पण त्या फायनलच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, धम्मदीप निघाला तेव्हा मामा त्याची बॅग घेऊन स्टेशनावर आले. त्यानं बॅग काढून घेतली, पण बोलला.

"मामा, पुढल्या टायमाला आधी इचारा."

"पुढला टाइम येऊच नये."

"यील की," खिडकीत बसत तो म्हणाला. "गोलकीपर हाय मी. गोल तर जाणारच."