भाऊजींची तिसरी तार

माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, कुठलीही वस्तू आधी उलट्या हाताने शिवतात. फ्रिज, नळ, दाराची कडी, सगळ्याला आधी बोटांची मागची बाजू. सून नवी आली तेव्हा तिला वाटलं, यांना आपल्या स्वच्छतेचा संशय आहे. पण ही वायरमनची सवय. तळहाताने धरलं आणि त्यात करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात झटक्यासरशी मागे येतो.

गावातल्या निम्म्या घरांचं अर्थिंग भाऊजींनी केलेलं. मला त्यांनी एकदा समजावलं होतं, "वहिनी, दोन तारा काम करतात, तिसरी नुसती पडून असते. पण मशीन बिघडलं, पत्र्यात करंट उतरला, की ती तो जमिनीत नेऊन सोडते. माणूस वाचतो."

मी म्हटलं, "म्हणजे थोरल्या सुनेसारखी. कोणाच्या लक्षात नाही आणि सगळ्यांचं आपल्या अंगावर घेते."

ते खूप हसले. तेव्हा ते हसायचे.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र तिसरी तार नव्हती. कपडे धुवायचं जुनं मशीन घेतलं, प्लग लावला आणि म्हणाले, अर्थिंग रविवारी करतो. रविवारी नेमकी लोकांची कामं निघायची. माझी जाऊ चिडवायची, "लोकांच्या घरी तिसरी तार, आमच्या घरी तिसरा रविवार." चौथा रविवार तिने पाहिला नाही. ओल्या हातांनी मशीनमधून चादर काढत होती. भाऊजी त्या वेळी दोन गल्ल्या सोडून कोणाच्या तरी घरी अर्थिंगच करत होते.

त्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. त्याला अठरा वर्षं झाली. हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली ती सरकवलीच.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाने विजेवर चालणारी गाडी घ्यायचं ठरवलं. गाडीबरोबर एक केबल फुकट मिळते, म्हणाला, ती मागच्या अंगणातल्या पंपाच्या सॉकेटला लावली की झालं. ते सॉकेट धुण्याच्या दगडाशेजारी आहे. भाऊजींनी पेपर खाली ठेवला.

"तिथे नाही लावायचं."

"काका, पंप चालतोच ना तिथे इतकी वर्षं?"

"पंप अर्धा तास चालतो. गाडी सात-आठ तास करंट ओढणार. आणि तुझी बायको तिथे ओल्या हातांनी फिरते."

"ही केबल मोबाइलवरून बंद करता येते."

"बरं आहे. पण शॉक मोबाइलला बसत नाही."

मुलगा वैतागला. "काका, तुमच्यामुळे हे सगळं घर भिऊन जगतंय. काकूचं जे झालं..." एवढं बोलला आणि थांबला. सून ताटं उचलून आत गेली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "तिथे लावलंस तर मी या घरात राहणार नाही." अठरा वर्षांत त्यांनी चहात साखर कमी आहे असंसुद्धा म्हटलं नव्हतं.

मग गाडीच्या कंपनीचा माणूस जागा बघायला आला. त्याने तीच केबल पंपाच्या सॉकेटला लावून दाखवली. लाल दिवा लागला. पुन्हा लावली, पुन्हा लाल.

"अर्थिंग गेलंय इथलं," तो म्हणाला. "आजोबा, ही आधी तिसरी तार तपासते. ती नीट नसेल तर गाडीला करंट सोडतच नाही."

"सोडतच नाही?"

"नाही. कितीही वेळा लावा."

भाऊजी धुण्याच्या दगडावर बसले.  लाल दिव्याकडे बघत मला म्हणाले, "वहिनी, आमचं मशीन फार गरीब होतं. लावलं की चालायचं."



मुलाने निमूटपणे भिंतीवर बसवायचा चांगला चार्जिंग पॉइंट निवडला. जागाही भाऊजींनी दाखवली तीच, फाटकाजवळची कोरडी भिंत. अर्थिंगसाठी नवा खड्डा खणायचा ठरला.

"खड्डा तुमची माणसं खणू देत," भाऊजी कंपनीच्या माणसाला म्हणाले. "तार मी जोडणार."

त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली. पाना गंजला होता, नट दोनदा मातीत पडला. कंपनीचा माणूस पुढे व्हायला लागला, पण मुलाने त्याला थांबवलं. तो स्वतः खाली बसला आणि काकांचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. नट बसला. घट्ट झाल्यावरही भाऊजी पाना फिरवत होते.

"बसला, काका."

"आज वार कोणता रे?"

"रविवार."

त्यांनी पाना पेटीत ठेवला.

गाडी आली. दुपारी केबल लावली आणि हिरवा दिवा लागला. सगळे बघत उभे होते. भाऊजींनी उलटा हात गाडीच्या पत्र्याला लावला, काढला, पुन्हा लावला. मग सावकाश हात वळवला आणि अख्खा तळहात पत्र्यावर ठेवला. सून पेढे-बिढे काही आहेत का बघायला आत वळली, तर मी तिला खुणेने थांबवलं.

हात ते किती तरी वेळ काढत नव्हते.