ह्यांच्या कोपरावरच्या कांजिण्या

हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका! नवऱ्याला बरं करता करता मी काय करून बसले, ते ऐकाच.

आमचे हे तारापूरला कारखान्यात. शुगरचं जुनं गिऱ्हाईक. एके सकाळी हे बनियन चढवत होते, तर कोपरांवर, पाठीवर बारीक पुळ्या! लालसर, टोकाला पिवळ्या. मी ओरडलेच, "अहो, कांजिण्या!"

"अगं, ताप नाय, काय नाय. आणि मला लहानपणीच येऊन गेल्यात."

"तुमाला काय आठवतंय? लग्नाची तारीख तरी आठवते काय?"

झालं! चिंचणीला आमच्या घरात कांजिण्या म्हणजे देवीचा मुक्काम. दारावर कडुलिंबाचा डहाळा, मासळी बंद, फोडणी बंद. आणि औषधही बंद! म्हणजे शुगरची गोळीसुद्धा मीच काढून ठेवली. वर अंगाला थंडावा हवा म्हणून रोज खीर. साय घालून!

खरं सांगू? ते दिवस फार गोड गेले हो. हे खोलीत, मी उंबऱ्यावर. एरवी शिफ्ट आणि झोप, एवढाच संसार. आता दिवसभर गप्पा! खिरीची वाटी चाटूनपुसून परत यायची आणि मला भरून यायचं.

पण पुळ्या सुकेनात. हे तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागले, समोरचं धुरकट दिसायला लागलं. मग मात्र ह्यांना रिक्षात घातलं आणि बोईसरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी कोपर पाहिलं, डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. रक्त काढलं, तर नळीत वर दुधाळ थर!

"बाई, कांजिण्या कुठल्या? साखर बेसुमार वाढून रक्तात इतकी चरबी झालीय की ती कातडीवर उगवलीय. डोळ्यांच्या आतल्या शिराही दुधाळ दिसतायत. औषध, पथ्य पाळलं तर पुळ्या मावळतील. पण अजून उशीर केला असता तर स्वादुपिंड सुजून जिवावर बेतलं असतं! काय खायला घालत होता?"

मला रडूच कोसळलं. तर हे काय म्हणाले असतील?

"डॉक्टर, तिला नका बोलू. खीर मीच मागायचो."

असा माझा नवरा! मी पदराने डोळे पुसतेय, तोच डॉक्टर पुढे वाकले. "तुमच्या पापण्यांवर हे पिवळं कधीपासून?"

"हळद असेल हो, सैपाकाची." मी चोळतेय, चोळतेय... निघेल तर शपथ!

"हळद कसली, हीसुद्धा चरबीच दिसतेय. या, खुर्चीत बसा. तुमचंही रक्त तपासू."

"अहो डॉक्टर, मी पेशंट नाय, मी बायको हाय!"

तोवर ह्यांनी रक्त काढायला माझी बाही वर सारली होती.