गंजाच्या कारखान्यातला शेवटचा दसरा

आमच्या संशोधन केंद्राचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं की गेटवरच्या पाटीवर ते जेमतेम मावायचं. किहीमकडच्या गावांत मात्र आम्ही ‘गंजाचा कारखाना’. एसटीचा कंडक्टरही तसाच पुकारा करायचा. तळ्याच्या कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेऊन मोठ्या तोऱ्यात आले होते, त्यामुळे सुरुवातीला माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण नाव काही चुकीचं नव्हतं. देशातले पूल, जहाजं, विजेचे खांब खाऱ्या हवेत किती टिकतील हे शोधायला सरकारनं समुद्रकाठची ही जागा घेतली होती. धातूचे पत्रे उघड्यावर टांगायचे आणि ते गंजायची वाट बघायची, हेच आमचं मुख्य काम.

मी लागले तेव्हा केंद्र भरात होतं. लांबलांबून इंजिनिअर यायचे, आपापल्या रंगांचे नमुने ठेवून जायचे आणि कॅन्टीनमधल्या बांगड्याचं कौतुक करायचे. मग एकेक माणूस निवृत्त झाला, जागा भरल्याच नाहीत. प्रयोगशाळांना कुलपं लागली, पहारा कंत्राटी झाला. शेवटी हुकूम आला की केंद्र दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत विलीन होणार, इथला गाशा गुंडाळा. एवढ्या मोठ्या देशाला गंजाची वाट बघायला सवड उरली नाही, याचा मला आजही संताप येतो.

तरी एक काम बाकी होतं. केंद्र सुरू झालं त्या वर्षी आमच्या सरांनी, म्हणजे तिथल्या पहिल्या शास्त्रज्ञांनी, स्वतः घडवलेल्या लोखंडाचे पत्रे मागच्या कुंपणात टांगले होते. त्यांचं म्हणणं असं, की या लोखंडावर चढलेला गंज पुढे इतका घट्ट बसेल की तोच आतल्या लोखंडाचं रक्षण करेल. खरं की खोटं, हे त्या गंजाचा थर तपासल्यावरच कळणार होतं आणि त्याला उभा जन्म जावा लागणार होता. सर निवृत्त होऊन बोर्ली पंचतनला राहायला गेले, पण फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘‘पत्रे काय म्हणतायत?’’ दिवाळी झाली की ते उतरवायचे होते.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा जोरात व्हायची. सगळी यंत्रं धुऊनपुसून लख्ख करायची, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. फक्त मागच्या पत्र्यांना कुणी बोट लावायचं नाही, कुंपणाच्या खांबालाच काय ती माळ. हे बघायला जुना पहारेकरी होता. तो गेल्यावर कुंपणाची चावी ऑफिसात खिळ्याला टांगलेली असायची.

शेवटच्या पूजेला सर येणार होते. त्यांना आणायला मी अलिबागच्या स्टँडवर गेले, येताना पेढे घेतले. गेटवर कॅन्टीनच्या मावशी आरतीचं ताट घेऊनच उभ्या होत्या. जवळच्या मिठागरवाल्या घरातल्या, आयुष्य आमच्या चहापाण्यात घालवलेल्या. त्या आम्हाला थेट मागे घेऊन गेल्या.

पत्रे चकाकत होते. सगळे. प्रत्येकावर कुंकवाची बोटं आणि झेंडूची माळ.

‘‘शेवटचा दसरा हाय ना सर,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘दर वर्साला बिचारे तसेच काले रातात. म्हनून या पहाऱ्यावरच्या पोरांना हाताशी घेतला, तारेच्या ब्रशान घासला, चिंच लावली, आंघोल घातली. तुमच्या हातचे हायत ना!’’

मी ओरडायला तोंड उघडलं, तोच सरांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. ते पत्र्यांकडे बघत राहिले. मग मावशींच्या ताटातलं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं आणि म्हणाले, ‘‘छान झालंय हो. पहिल्या दिवशी टांगले तेव्हा अस्सेच दिसत होते.’’

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. पूजा झाली, पेढे वाटले. सरांनी दोन खाल्ले.

स्टँडवर परत जाताना रिक्षात मी रडत होते. सर बाहेर बघत म्हणाले, ‘‘तिला सांगायचं नाही हं, कधीच.’’ मी विचारलं, ‘‘आणि तुमचं काय, सर?’’ ते म्हणाले, ‘‘माझं काय! गाडी लागली का बघ.’’

केंद्राला कुलूप लागलं. पत्रे भंगारात चालले होते, त्यातला एक मी मागून घेतला आणि घराच्या कुंपणावर तारेनं बांधला. खाऱ्या वाऱ्यानं तो पुन्हा तांबूस व्हायला लागलाय. मावशी कधी आल्या तर म्हणतात, ‘‘मॅडम, द्या, घासून देते.’’ मी हसून नको म्हणते.

सरांचा फोन अजून येतो. गुडघे, पाऊस, त्यांच्या वाडीतल्या सुपाऱ्या, सगळं बोलतात. मी दर वेळी मनाची तयारी करून फोन उचलते, पण पत्र्यांचं ते काहीच विचारत नाहीत.