पवनचक्कीचं दावं

वाटूरच्या माळावरची पवनचक्की जागची कधी हलली नाही, मालक मात्र बदलत राहिले. राखणदार तेवढा एकच, मच्छिंद्र. मालक बदलला की त्याच्या डोक्यावरची कंपनीच्या नावाची टोपी बदलायची आणि फाट्यावरच्या चहावाल्याकडे तिची चौकशी व्हायची. आता कोणत्या सासरची, असं लोक खवचटपणे विचारायचे. मच्छिंद्राला ते आवडायचं. घरी त्याला एवढं विचारतं कोण?

ज्ञानही अफाट. वीज एकाला विकतात, आणि ती वाऱ्यावर झाली याचं प्रमाणपत्र बाजारात दुसऱ्यालाच. कोळशावर चालणारे कारखाने ते घेऊन हरित विजेचा आपला वाटा भरतात. म्हणजे दूध एकाला, शेण दुसऱ्याला, असं तो समजावून सांगे. त्यावर त्याची बायको उषाबाई म्हणाली होती, मंग माझ्या चतुर्थीचं पुण्यबी विका कुणाला तरी, उपास मी करतेच आहे.

यंदा गायच तिसऱ्याला गेली. नवी कंपनी म्हणे राखणदार काढून फाटकाला नुसतं कुलूप ठेवणार. मच्छिंद्राचा चहा गोड लागेना. टोपी गेली तर फाट्यावर कोण विचारणार?

ताबा द्यायच्या दिवशी त्यानं फाटकाची साखळी आणि कुलूप काढून जुन्या कंपनीच्या अप्पाराव साहेबांच्या जीपमध्ये ठेवलं. साहेब केदारखेड्याच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीच्या प्रीती मॅडम पुण्याहून आल्या. फाटक सताड उघडं, समोर काठी घेऊन मच्छिंद्र आत शिरणाऱ्या शेळ्या हाकलतोय.

"कुलूप कुठंय?"

"मॅडम, जनावर विकलं की दावं जुन्या मालकाकडं राहतं. नव्यानं आपलं आणायचं."

"अहो, ही पवनचक्की आहे."

"पण विकली ना? मंग बराबर आहे."

मॅडम हसल्या आणि त्यांनी वर फोन लावला. वरून उत्तर आलं, कुलूप खरेदीला मंजुरी लागेल, तोवर कुणालातरी बसवा.

"मी बसून राह्यलोच की," मच्छिंद्र म्हणाला.

युक्ती उषाबाईची, असं फाट्यावर अजून बोललं जातं. मच्छिंद्र कबूल करत नाही, नाकारतही नाही. मंजुरी टेबलाटेबलावरून फिरत राहिली. नवी टोपी मात्र लगेच आली. शेवटी एकदाचं कुलूप पोचलं, तेव्हा पवनचक्की पुन्हा विकली गेली होती. मच्छिंद्रानं ते खोक्यासकट, न उघडता, प्रीती मॅडमच्या गाडीत ठेवलं.