हौदावरच्या मावशी

मावशी हौदावरच्या यंत्राच्या चालत्या मोटारीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभ्या राहत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईंना चक्कर आलीय. धावत खाली गेलो, तर दुसऱ्या हातानं त्यांनी मला थांबवलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हवेचं यंत्र थकायलंय सर. उद्यापर्यंत बसंल." ते दुसऱ्या दिवशी दुपारीच बसलं.

परभणीत नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. त्यामुळे आमची इमारत बांधली तेव्हाच मागच्या अंगणात सांडपाणी साफ करण्याचं छोटं केंद्र बसवलं होतं. चार हौद, पाण्यात हवा सोडणारं यंत्र, वाळूची टाकी आणि एक पत्र्याची खोली. चाळीस घरांचं अंघोळीचं, धुण्याचं, संडासाचं पाणी तिथं जमायचं आणि साफ होऊन पुन्हा संडासाला आणि बागेला जायचं. मावशी मूळच्या पेडगावच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. नवरा वारल्यावर शहरात आल्या, बांधकामावर राबल्या आणि केंद्र बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली बघून बघून सगळं शिकून पुढे ते चालवायलाही लागल्या. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि त्या वेळी इमारतीचा सचिव होतो. म्हणजे कागदावर त्यांचा वरिष्ठ. पण हौदाजवळ उभं राहिलं की विद्यार्थी मीच असायचो.

साफ केलेलं पाणी दिसायला काचेसारखं असे. मावशींना त्याच गोष्टीची धास्ती होती. "घाण दिसली की माणूस लांब राहतंय. हे पाणी फसवतंय," असं त्या म्हणत. या पाण्याच्या प्रत्येक नळाला त्यांनी जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली होती. चिंधी विटली की नवी बांधायच्या. इमारतीतली पोरंसोरं खेळताना लाल नळापासून लांब राहायची, इतका त्यांचा धाक होता.

शेवटच्या हौदात त्यांनी बोटाएवढे मासे सोडले होते. येलदरी धरणाकडे दिलेल्या बहिणीकडून डब्यात घालून, एसटीनं आणलेले. कामाला लागण्याआधी त्या मासे बघत. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडायला लागले, की त्या सगळं थांबवून यंत्र तपासत. तिसऱ्या मजल्यावरची वैशाली संध्याकाळी मासे बघायला खाली यायची. नवी सून, चौथा महिना लागलेला. तिनं हौदाच्या कठड्यावर हात ठेवला की मावशी ओरडायच्या, "लेकी, हात काढ. आधी साबणानं धू जा." वैशाली हसायची, पण जाऊन हात धुवायची.

त्या उन्हाळ्यात पाणी पंधरा-पंधरा दिवस आलं नाही. टँकरची वाट बघत बायका जिन्यात बसून राहत. आमच्या अध्यक्षांनी बैठकीत एक तोड काढली. साफ केलेल्या सांडपाण्याची नळी पिण्याच्या पाण्याच्या टाकीला जोडायची आणि मधे एक व्हाल्व बसवायचा. "फक्त अगदीच अडचण आली तर," ते म्हणाले. "लोक उकळून पितातच." कोणी विरोध केला नाही. मीही नाही. प्लंबर आला आणि तासाभरात जोडून गेला.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या दारात आल्या. त्या कधी वर येत नसत.

"सर, ते काढून टाका."

"मावशी, तो बंदच असणार आहे. कोण उघडतंय?"

"बंद ठेवायचा आसता तर बसवला कामून?" त्या म्हणाल्या. "हाय म्हणल्यावर कोणीतरी उघडणारच. तुमी शिकलेले हाव. तुमी लिहून द्या, हे बरं न्हाई म्हणून."

मी बघतो म्हणालो. लिहिलं नाही. मावशींनी व्हाल्वला लाल चिंधी घट्ट गुंडाळली आणि तो बंद आहे का, हे रोज सकाळ-संध्याकाळ हातानं चाचपून बघायला लागल्या. अध्यक्षांना ते खटकलं. पंधरवड्यात त्यांनी यंत्रं आपोआप चालू-बंद करणारी एक पेटी बसवून घेतली आणि म्हणाले, आता माणसाची गरज नाही. मावशींना कमी केल्याच्या पत्रावर सही सचिवाची लागते. ती मी केली.

त्या दिवशी मावशी भांडल्या नाहीत. चाळीसही दारं वाजवून त्यांनी एकच सांगितलं, "पाणी उकळून प्या. मी आता खाली न्हाई." वैशालीच्या दाराशी त्या बराच वेळ थांबल्या. पाणी उकळूनच पिण्याची तिला शपथ घालून निघाल्या. फाटकाशी मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "लाईट गेली की ती पेटी बंद पडतीया. परत चालू कोण करणार, ते तेवढं ठरवा." आम्ही ते ठरवलं नाही.

आठवड्याभरानं शेवटच्या हौदात मासे उलटे तरंगताना दिसले. पांढरी पोटं वर. हवेचं यंत्र बंद होतं. कधीपासून, कोणालाच ठाऊक नव्हतं. मी पेटीचं बटण दाबलं, यंत्र घरघरत सुरू झालं. ऊन फार आहे, मासे त्यानंच मेले असतील, असं मी स्वतःला समजावलं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं.

त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी पडली. टँकर आला नाही. अध्यक्ष पालमला लग्नाला गेले होते. त्यांचा फोन आला. "सर, तासभर उघडा तो व्हाल्व. लोक ओरडायलेत." मी खाली गेलो. चिंधीच्या गाठी सुटेनात, म्हणून घरून कात्री आणली. व्हाल्व उघडल्यावर पाण्याचा आवाज आला आणि वरच्या मजल्यांवरून कोणीतरी आनंदानं ओरडलं. मग मी शाळेत निघून गेलो. उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. संध्याकाळी चहा पिताना आठवण झाली, तेव्हा धावत जाऊन बंद केला. कोणाला काही बोललो नाही.

महिन्याभरानं कावीळ सुरू झाली. आधी पहिल्या मजल्यावरचे दोघे भाऊ, मग माझी मुलगी, मग एकेका मजल्यावर दोघं-तिघं. माझी मुलगी पिवळ्या डोळ्यांनी छताकडे बघत पडून असायची. ती वाचली. वैशालीला नांदेडला हलवलं. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पाचव्या दिवशी ती गेली. पोटातलं बाळही गेलं. प्यायचं पाणी ती उकळूनच पीत होती. पण दात घासायचं, कोथिंबीर धुवायचं पाणी कोण उकळतं?

व्हाल्व काढून टाकला. अध्यक्ष म्हणाले, उन्हाळ्यात सगळ्या गावातच कावीळ असते. मी मान डोलावली.

त्यानंतर आठ दिवसांनी मी पेडगावला गेलो. मावशी भावाच्या मेंढरांना पाला टाकत होत्या. मी म्हणालो, "मावशी, परत या. सगळ्यांची इच्छा आहे." त्यांना वैशालीचं कळलेलं होतं. हातातला पाला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "उघडला कोणी?"

"मी."

मेंढरं त्यांच्या पायांत घुसत होती. त्या हलल्या नाहीत.

"तिच्या सासूला सांगितलं का?"

"नाही."

"मग माझ्याकडं कशाला आलाव?"

परत येताना बसमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी उभाच होतो. इमारतीत शिरून घरी न जाता थेट तिसऱ्या मजल्यावर गेलो. वैशालीच्या सासूबाईंनी दार उघडलं. दारातच उभा राहून मी सगळं सांगितलं: मासे, अध्यक्षांचा फोन, कात्री, शाळा, संध्याकाळचा चहा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग दार लावून घेतलं, अगदी हळू, आवाज न करता. पुढच्या महिन्यात ते कुटुंब घर सोडून गेलं.

मावशी परत आल्या नाहीत. सचिवपद मी सोडलं, पण शाळेआधी आणि शाळेनंतर हौदावर मीच जातो. दिवाळीच्या सुमारास त्यांचा फोन आला. आधी मुलीची चौकशी केली. मग म्हणाल्या, "आता हौदावर कोण हाय?"

"मीच बघतो, मावशी. रोज दोनदा."

पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "आन् तुमच्यावर ध्यान ठेवायला कोण हाय?"